न दिसणारी गळती

१९४३ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरांत भर दिवसा एक विलक्षण प्रकार घडला. तपकिरी रंगाचें एक दाट आवरण शहरावर उतरलें. तीन चौकांपलीकडचें कांहीं दिसेना. रस्त्यानें जाणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें आणि घसे जळजळूं लागले. दिवस महायुद्धाचे होते व पर्ल हार्बरची आठवण ताजी होती. तेव्हां जपान्यांनीं विषारी वायु सोडला असावा, अशी शंका पुष्कळांच्या मनांत येऊन गेली. ती लवकरच मावळली; धुरकें मात्र मावळलें नाहीं. मग लोकांचा रोख ॲलिसो नांवाच्या रस्त्यावरील एका कारखान्याकडे वळला. कृत्रिम रबरासाठीं लागणारा ब्युटाडाइन हा पदार्थ तेथें तयार होत असे, आणि त्याची दुर्गंधि आसपासच्या वस्तीच्या चांगली परिचयाची होती. ओरड झाली, कारखाना कांहीं काळ बंद ठेवण्यांत आला, आणि धुरकें येतच राहिलें.

त्या दिवसापासून जो तपास सुरू झाला, त्याचा मार्ग मोठा वांकडातिकडा आहे. कारखान्यांच्या चिमण्या, तेल शुद्ध करण्याचे कारखाने, परसांतील कचरा जाळण्याच्या भट्ट्या, संत्र्यांच्या बागांत थंडीपासून झाडें वांचविण्यासाठीं पेटवीत ते तेलाचे दिवे, असा एकेकावर आरोप ठेवीत ठेवीत तो तपास सत्तावीस वर्षांनीं मोटारगाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरील झांकणाशीं येऊन पोंचला. आज गाडींत जो लहानसा तांबूस-पिवळा दिवा लागतो आणि मालकास बुचकळ्यांत पाडतो, त्या दिव्याचें मूळ या तपासांत आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या भोंकासाठीं एवढा खटाटोप कां, हा मालकाचा प्रश्न रास्त असला तरी त्याचें उत्तर गॅरेजांत मिळत नाहीं. तें इतिहासांत शोधावें लागतें.

लॉस एंजेलिसची जागाच अशी आहे कीं तेथें धूर अडकून राहावा. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगरांची ओळ, आणि वर पुष्कळदां उष्ण हवेचा थर झांकणासारखा बसलेला. खालची थंड हवा त्या थरांतून वर जाऊं शकत नाहीं. १५४२ सालीं स्पेनच्या वतीनें या किनाऱ्यानें निघालेला दर्यावर्दी कॅब्रिलो यास मूळ रहिवाशांच्या विस्तवांचा धूर दिसला, म्हणून त्यानें तेथील उपसागरास ‘धुराचा उपसागर’ असेंच नांव दिलें. चारशें वर्षांनंतर त्याच जागेंत लक्षावधि माणसें आणि त्यांच्या लक्षावधि मोटारी येऊन राहिल्या.

१९४७ सालीं परगण्यापुरतें हवाशुद्धीचें एक स्वतंत्र खातें निर्माण झालें. त्यानें प्रथम गंधकाचा धूर पकडला, कारण जगांत त्या वेळीं धूर म्हटला कीं कोळसा आणि गंधक हींच दोन नांवें डोळ्यांपुढें येत. पण लंडनचें धुकें थंड व ओलसर हवेंत दाट होतें. लॉस एंजेलिसचें धुरकें स्वच्छ उन्हांत, दुपारच्या सुमारास भरास येई. त्याला वास होता तो कपडे धुण्याच्या विरंजक चूर्णासारखा. त्यानें पालकाचीं पानें डागाळत आणि मोटारींचे रबर अकालीं तडकत. हीं लक्षणें कोळशाच्या धुराचीं नव्हतीं. तरीही गंधकावरचा संशय सुटण्यास फार दिवस लागले. जो अपराधी पूर्वीं दुसऱ्या गांवीं सांपडला, त्यालाच आपल्याही गांवीं धरावें, ही तपासणाराची खोड जुनी आहे.

हा गुंता उकलला तो एका अननसाच्या अभ्यासकानें. आरी यान हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडमधील उत्रेख्त येथले. १९३७ पासून ते पासाडेना येथील कॅलिफोर्निया तंत्रविद्यासंस्थेंत अध्यापक होते. फळांना व फुलांना त्यांचा विशिष्ट स्वाद कोणत्या द्रव्यांमुळें येतो, हा त्यांचा विषय. ढीगभर अननसांतून निघणारी वाफ अतिशीत नळ्यांतून नेऊन तिचे थेंब गोळा करावयाचे, आणि त्या थेंबांची परीक्षा करावयाची, असें त्यांचें काम चाले. तीच युक्ति त्यांनीं पासाडेनाच्या हवेस लावली. नळ्यांत कांहीं थेंब जमले. ते तपकिरी होते आणि त्यांची घाण येत होती. त्या थेंबांत जीं द्रव्यें सांपडलीं, तीं पेट्रोलच्या वाफेचा हवेंत संयोग होऊन बनलेलीं होतीं. तेलव्यवसायाच्या पैशावर चालणाऱ्या संशोधकांनीं या निष्कर्षाविषयीं जाहीर अविश्वास दाखविला, तेव्हां हागेन-स्मिट यांनीं अननस बाजूला ठेवले आणि पेट्रोलची वाफ व ज्वलनांतून निघणारीं नायट्रोजनचीं प्राणिदें बंद पात्रांत एकत्र करून त्यांवर ऊन पाडलें. पात्रांत धुरकें तयार झालें. वांकवून ठेवलेली रबराची पट्टी त्या हवेंत नेली असतां कांहीं मिनिटांत तडकली; त्यावरून ओझोन वायु तेथें आहे हें कोणासही डोळ्यांनीं पाहतां आलें. १९५२ सालीं हें सर्व त्यांनीं प्रसिद्ध केलें.

याचा अर्थ असा कीं धुरकें चिमणींतून बाहेर पडत नव्हतें. तें हवेंत शिजत होतें. त्याचा कच्चा माल म्हणजे न जळलेलें पेट्रोल. मग पेट्रोल कोठून उडून जातें याचा शोध सुरू झाला. तेलकारखान्यांच्या अवाढव्य टाक्यांतून रोज पुष्कळ माल वाफ होऊन जात असे. तेलाच्या पृष्ठभागावर तरंगणारें छप्पर बसवून वाफेस जागाच ठेवावयाची नाहीं, असा उपाय त्यांवर झाला. बाष्पीभवनाच्या गळतीची ही पहिली मोठी दुरुस्ती होय. मोटारीच्या टाकीची पाळी येण्यास मात्र पुढें बराच काळ गेला.

तो कां गेला, हें सांगतांना मोटार-उत्पादकांस सौम्य शब्द लावण्याचें कारण नाहीं. परगण्याच्या शासनमंडळाचे सभासद केनेथ हान यांनीं १९५३ सालीं फोर्ड कंपनीस पत्र लिहून याबाबत काय संशोधन चाललें आहे, अशी विचारणा केली. उत्तर आलें कीं गाड्यांतून निघणारे वायु हवेंत त्वरित विरून जातात, त्यांपासून प्रदूषणाचा प्रश्न उद्भवत नाहीं. हान यांनीं पत्रें लिहिण्याचें सोडलें नाहीं. वर्षामागून वर्षें ते लिहीत राहिले. १९६९ च्या जानेवारींत अमेरिकन सरकारच्या न्यायखात्यानें मोटार-उत्पादकांच्या संघावर, प्रदूषण आटोक्यांत आणणाऱ्या साधनांची प्रगति संगनमतानें रोखल्याबद्दल दावा लावला. त्याच वर्षीं तो संमतीच्या हुकुमनाम्यानें मिटला. मधल्या काळांत सामान्य घरांनीं आपल्या परसांतील भट्ट्या कायद्यानें १९५७ सालींच बंद केल्या होत्या.

त्या काळच्या मोटारींतून न जळलेलें पेट्रोल तीन वाटांनीं बाहेर जाई. एक वाट धुराच्या नळीची. ती सर्वांत मोठी. दुसरी इंजिनाच्या खालच्या पेटीची. तेथील वायु परत इंजिनांत नेण्याची सोय कॅलिफोर्नियांत १९६१ च्या गाड्यांपासून झाली. तिसरी वाट बाष्पीभवनाची, आणि तिच्यांतून अदमासें पंचमांश हिस्सा जात असे. या तिसऱ्या वाटेची मौज अशी कीं तिला गाडी चालू असण्याची गरज नसते. दिवसा ऊन चढलें कीं टाकींतील पेट्रोलची वाफ फुगते आणि बाहेर पडते. रात्रीं टाकी थंड होऊन बाहेरची हवा आंत ओढते. दुसऱ्या दिवशीं तोच क्रम. टाकी जणूं श्वासोच्छ्वास करीत असते. शिवाय गाडी थांबवून मालक घरांत गेला कीं तापलेल्या इंजिनावरील कार्बोरेटरमधलें पेट्रोल अर्धापाऊण तास उकळत राहून उडून जातें. दाराशीं गुपचूप उभी असलेली गाडी शहराची हवा बिघडवीत आहे, ही कल्पना करणें कठिणच. टाकीच्या झांकणास तर हवा येण्याजाण्यासाठीं मुद्दाम भोंक पाडलेलें असे. तें भोंक म्हणजे दोष नसून त्या काळीं ती चांगली कारागिरी समजली जाई.

उपाय निघाला तो कोळशाचा. विशिष्ट रीतीनें तापविलेला कोळसा आपल्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत वायु धरून ठेवतो, हें रसायनशास्त्रास अठराव्या शतकापासून ठाऊक होतें. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा भरीत; करवंट्या अपुऱ्या पडूं लागल्या तेव्हां १९१८ सालीं अमेरिकेंत घरोघर पीच फळांच्या आठळ्या जमविण्याची मोहीम निघाली होती. त्याच कोळशाचा एक डबा मोटारींत बसविण्यांत आला. टाकीचें झांकण आतां हवाबंद झालें. टाकींतील वाफ नळीनें डब्यांत जाते व कोळशास चिकटून बसते. पुढें इंजिन चालू झालें कीं त्याच्या ओढीनें बाहेरची ताजी हवा डब्यांतून खेंचली जाते, आणि ती कोळशांतील पेट्रोल सोडवून इंजिनांत जाळण्यास नेते. उधळला जाणारा माल परत कामास येतो, ही त्यांतली गृहिणीस पटणारी बाजू. कॅलिफोर्नियांत १९७० च्या गाड्यांपासून व सबंध अमेरिकेंत १९७१ च्या गाड्यांपासून ही व्यवस्था सक्तीची झाली. त्या वेळीं कॅलिफोर्नियाच्या हवामंडळाचे अध्यक्ष हागेन-स्मिट हेच होते.

परंतु येथें एक गफलत झाली. गाडींतून किती वाफ निसटते हें मोजण्यासाठीं आरंभीं ज्या जागीं वाफ येईल असें वाटे, त्या त्या जागीं कोळशाच्या लहान नळ्या लावीत, आणि मागाहून त्यांचें वजन करीत. म्हणजे चोर ज्या दारावर पहारा आहे त्याच दारानें जाईल, असें गृहीत धरलें होतें. सांध्यांतून, नळ्यांच्या टोंकांतून, रबराच्या अंगांतून जें निसटे तें हिशोबांत येतच नसे. पुढें सबंध गाडीच एका हवाबंद खोलींत कोंडून त्या खोलींतील हवेची परीक्षा करण्याची पद्धत निघाली, तेव्हां कागदावर निर्दोष ठरलेल्या गाड्या कितीतरी अधिक वाफ सोडतांना आढळल्या. १९७८ च्या गाड्यांपासून ही खोलीची परीक्षा देशभर लागू झाली; एका परीक्षेंत ६ ग्रॅमपर्यंत वाफ क्षम्य होती. १९८१ पासून ती मर्यादा २ ग्रॅमवर आली. दोन ग्रॅम पेट्रोल म्हणजे चमचाभरही नव्हे.

नवी गाडी परीक्षेंत उतरली म्हणून काम भागत नाहीं. रबर वाळतें, नळी घांसली जाते, झांकणाची गादी चिरते, आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. धुराची नळी काळा धूर ओकूं लागली तर शेजारीसुद्धां सांगेल. वाफेच्या गळतीविषयीं कोण सांगणार? म्हणून १९९० च्या कायद्यानंतर अशी योजना झाली कीं गाडीनेंच आपली गळती ओळखावी. १९९६ पासूनच्या गाड्यांत ही तपासणी क्रमाक्रमानें आली. प्रथम १ मिलिमीटर व्यासाचें भोंक गाडीनें ओळखावें अशी अपेक्षा होती. २००० च्या सुमारास ती अर्ध्या मिलिमीटरवर आली.

ही तपासणी होते कशी? डब्यास दोन झडपा असतात: एक इंजिनाकडची, दुसरी बाहेरच्या हवेकडची. गाडींतील गणकयंत्र हवेकडची झडप मिटवितें, इंजिनाकडची उघडतें, आणि इंजिनाच्या ओढीनें टाकींत किंचित् निर्वात निर्माण करतें. फार नव्हे, वातावरणाच्या दाबाच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्शाइतका. मग दोन्ही झडपा मिटवून तो निर्वात किती वेळ टिकतो हें पाहतें. लवकर ओसरला, तर कोठेंतरी भोंक आहे. मात्र पेट्रोल तापलेलें असलें तर त्याची वाफच आंतला दाब वाढविते व भोंकाचा भास होतो. यास्तव ही परीक्षा इंजिन थंड असतां, टाकी फार भरलेली वा फार रिकामी नसतांना, हवामान बेताचें असतांनाच घेतली जाते. गळती दोन निरनिराळ्या फेऱ्यांत आढळली म्हणजे सामान्यतः दिवा लागतो व स्मृतींत एक अंक नोंदला जातो: मोठ्या गळतीस पी ०४५५, लहानीस पी ०४४२, अतिसूक्ष्म गळतीस पी ०४५६.

लॉस एंजेलिसच्या नागरिकांनीं ब्युटाडाइनच्या कारखान्याशीं जो व्यवहार केला, तोच व्यवहार गॅरेजांत टाकीच्या झांकणाशीं होतो. दिवा लागला कीं झांकण बदलावयाचें. पुष्कळदां दोष खरोखरच झांकणाचा असतो, हें कबूल केलें पाहिजे. तें सैल राहिलें, त्याची गादी चिरली किंवा तिला धुळीचा कण लागला तरी पुरे. परंतु झांकण बदलून अंक पुसला, दिवा विझला, आणि मालक समाधानानें घरीं गेला, एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. वर सांगितलेल्या अटी जुळून परीक्षा पुन्हा होण्यास कित्येक दिवस लागतात. तोंपर्यंत दिवा विझलेलाच राहणार. आठपंधरा दिवसांनीं तो पुन्हा लागतो, मग झडप बदलतात, मग डबा बदलतात. मालकाचा पैसा जातो आणि वाफ जात राहते ती वेगळीच.

जाणता कारागीर प्रथम अंक वाचतो, कारण मोठें भोंक व सूक्ष्म भोंक यांच्या जागा बहुधा वेगळ्या असतात. झांकणाची गादी बोट फिरवून पाहतो. इंजिन मंद चालू ठेवून इंजिनाकडच्या झडपेची नळी काढून तिच्या तोंडावर बोट ठेवतो. झडप मिटलेली असतांना ओढ लागत असेल तर ती आंत अडकून उघडी राहिली आहे. हवेकडची झडप गाडीच्या मागच्या भागीं धुळींत व चिखलांत असते. तिची अवस्था पाहतो. या वाटेनें केव्हां केव्हां भलतेच पाहुणे आंत शिरतात. माझदा कंपनीनें २०११ सालीं उत्तर अमेरिकेंतील सुमारें ६५,००० गाड्या परत बोलाविल्या, त्या एका पिवळसर कोळ्यामुळें. पेट्रोलच्या वासानें आकृष्ट होऊन तो हवेच्या नळींत जाळें विणीत असे. नळी तुंबे, टाकींत हवा येईना, आणि निर्वात वाढून टाकीस चीर पडण्याचा धोका उत्पन्न होई. कोळ्यास अडविण्यासाठीं कंपनीनें नळींत स्प्रिंग बसविली. तरी २०१४ सालीं त्याच कारणासाठीं पुन्हा गाड्या बोलावाव्या लागल्या.

इतक्यानेंही उमज पडला नाहीं, तर धुराचें यंत्र. खनिज तेल तापवून केलेला दाट पांढरा धूर मंद दाबानें टाकीच्या नळ्यांत सोडावयाचा, हवेकडची झडप मिटवावयाची, आणि प्रखर दिव्याच्या उजेडांत गाडीखालीं पाहत राहावयाचें. दाब वातावरणाच्या तिसाव्या हिश्शाच्या वर नेऊं नये. नेला तर जुनी गळती सांपडण्याऐवजीं नवी निर्माण होते. धुराबरोबर साधी हवा न भरतां नायट्रोजन भरणें श्रेयस्कर, कारण पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण ठिणगीची वाट पाहत असतें. उतावीळ कारागिरास हें काम मानवत नाहीं. धूर प्रथम नळ्या भरतो, मग टाकीचा रिकामा भाग, आणि मग केव्हांतरी पंपावरील कड्याखालून किंवा पेट्रोल भरण्याच्या गंजलेल्या नळीच्या कोपऱ्यांतून एक बारीक दोरी वर येते. हागेन-स्मिट यांची तडकलेली रबरपट्टी, हवाबंद खोली, आणि ही धुराची दोरी, हीं एकाच कुळांतलीं साधनें होत.

जागा सांपडल्यावर दुरुस्ती सोपी. चिरलेली नळी बदलावी. तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळूं नये, कारण पेट्रोलपुढें ती टिकत नाहीं. कडें, झडप किंवा गंजलेली नळी नवी बसवावी, आणि धूर पुन्हा सोडून पाहावा. डबाच निकामी झाला असेल तर मालकाच्या एका सवयीचीही चौकशी करावी. पंपावर नळ आपोआप बंद झाल्यानंतरही ‘आणखी थोडें’ म्हणून टाकी कांठोकांठ भरण्याची ही सवय. डबा वाफेसाठीं आहे. त्यांत पातळ पेट्रोल शिरलें कीं कोळसा भिजतो आणि त्याचें काम संपतें.

भारतांत मोटारी तपासण्याचें मोठें कार्य पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेल्या संशोधनसंस्थेंत चालतें. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ चे नियम सर्व देशभर लागू झाले, तेव्हां पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकींनाही बाष्पीभवनाची मर्यादा घालण्यांत आली, आणि मोटारसायकली व स्कूटरी यांवर कोळशाचा लहानसा डबा दिसूं लागला. ज्या देशांत चारचाकींहून दुचाकी कितीतरी अधिक, आणि ज्यांच्या टाक्या दिवसभर उन्हांत तापत उभ्या, तेथें या डब्याचें महत्त्व अमेरिकेहून कमी नाहीं. नवी नळी लावतांना किंवा टाकी उतरवितांना तो अडचण समजून काढून टाकणारे कारागीर मात्र आढळतात.

अलीकडच्या कांहीं गाड्यांत इंजिनाच्या ओढीचीही गरज उरलेली नाहीं. गाडी बंद करून मालक निघून गेला कीं गणकयंत्र कांहीं वेळ जागें राहतें, सर्व झडपा मिटवितें, आणि टाकी निवत जाते तसा आंत आपोआप निर्वात होतो कीं नाहीं हें पाहतें. झाला तर टाकी घट्ट आहे. न झाला तर तेवढी एक नोंद करून तेंही झोपीं जातें, आणि पुढच्या थंड रात्रीं पुन्हा तपासतें.